आभाळाची बातमी उंबऱ्यापर्यंत



मागचे दोन-तीन भाग आपण कर्ज, हप्ते आणि व्याज यांवर बोललो. ऐकून तुमचे कान किटले असतील, आमचंही तोंड दुखलं. आज जरा मान वर करू आणि आभाळाकडे पाहू. पण खरं सांगायचं तर विषय फार बदललेला नाही. हप्ता थकला की आम्ही वहीत कारण लिहितो. त्या रकान्यात आजारपण येतं, लग्न येतं, आणि फेब्रुवारी-मार्च आला की एकच शब्द पुनःपुन्हा येतो: गारपीट.

११ फेब्रुवारी २०१८ हा दिवस तुमच्यातल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. रविवार होता, महाशिवरात्र दोन दिवसांवर आलेली. त्या सकाळी शेजारच्या जालना जिल्ह्यात आणि आपल्या जिल्ह्यात घाटावर गारा पडल्या. रान पांढरं झालं. उभा गहू झोपला, शेडनेटच्या जाळ्या फाटून लोंबू लागल्या. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा दोन एकर हरभरा सोंगून वावरात पसरलेला होता. तो गोळा करून सुडी लावायची आणि वर ताडपत्री टाकायची, तर चार बायांचं दोन-तीन तासांचं काम. ताडपत्री घरात होती. बायाही गावातच होत्या. नव्हता तो वेळ. गारा थांबल्यावर काकू वावरात गेल्या, तेव्हा घाटे फुटून दाणे चिखलात गेले होते.

नंतर कळलं की वेळही होता. विदर्भ-मराठवाड्यात वादळी पाऊस आणि गारा होऊ शकतात, असा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. काकूंच्या घरातही तो आला होता. दिराच्या फोनवर. दीर लग्नाला परगावी गेले होते आणि फोन त्यांच्या खिशात.

तेव्हापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न बसला. आभाळाची ही बातमी निघते तरी कुठून? ती काढायला माणूस शिकला कधी, आणि काढली कुणासाठी? जमेल तसं आम्ही वाचलं, कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसांना विचारलं, म्हाताऱ्या बायांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात एका बाईपासूनच करू. तिचं नाव भाडळी. सहदेव-भाडळी ही जोडी आपल्याकडे पावसापाण्याच्या बोलांसाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे. कुठे तिला सहदेवाची बहीण सांगतात, कुठे बायको. उत्तरेत गेलं की तिथेही भड्डरी म्हणून असंच नाव भेटतं. ती खरंच होऊन गेली की लोकांनी मनाने घडवली, याच्या वादात आम्ही पडत नाही. पण पाऊस ओळखणाऱ्यांत आपल्या लोकांनी एका बाईचं नाव ठेवलं, याचं आम्हाला नवल वाटत नाही. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, चिमण्या धुळीत लोळल्या, पापड मऊ पडले, मिठाला पाणी सुटलं, हे आधी कोणाला दिसतं? जी चुलीपाशी आणि अंगणात असते तिला.

यातल्या मिठाच्या गोष्टीला आम्ही हसत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. भर फेब्रुवारीत, हवा कोरडी असायला हवी तेव्हा, बरणीतलं मीठ ओलं होऊ लागलं, तर वर कुठून तरी ओलावा आला आहे, एवढं ते नक्की सांगतं. हवामान खातं हेच मोजतं, फक्त त्याच्या उपकरणाला दुसरं नाव आहे.

आपल्या जिल्ह्यात अंदाजाची आणखी एक जुनी रीत आहे. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर शेतात घट मांडतात. गोल करून त्यात अठरा धान्यं ठेवतात, मध्ये खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, वडा असे पदार्थ. रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे जाऊन पाहतात, कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, आणि त्यावरून वर्षाचा पाऊस, पीक, राजाची गादी असं सगळं सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही रीत सुरू केली असं मानतात आणि वाघ घराणं ती आजही चालवतं. खेड्यापाड्यांतून शेतकरी ऐकायला येतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा तिला विरोध आहे.

आमचं मत विचाराल, तर घागरीचं पाणी झिरपून ढेकूळ भिजणं आणि ऑगस्टात पाऊस पडणं यांचा संबंध आम्हाला सापडत नाही. पण तिथे पहाटे गर्दी करून उभ्या राहिलेल्या माणसांना आम्ही वेडं म्हणणार नाही. बियाण्याचे पैसे कर्जाऊ काढायच्या आधी कोणाला तरी काहीतरी विचारावंसं वाटतं. ती गरज खरी आहे. फक्त घट वर्षाचं सांगतो. काकूंना हवं होतं ते उद्या सकाळचं.

उद्याचं सांगायला एक गोष्ट लागते. वादळ ज्या वेगाने चालतं, त्याहून वेगाने बातमी पळायला हवी. घोडेस्वार पळवून हे जमत नव्हतं. ते जमलं तारायंत्र आल्यावर. एका गावात वादळ झालं की पुढच्या गावाला तारेने कळवता येऊ लागलं. पण ही बातमी आधी कोणाकडे गेली, ते ऐका. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्त्यावर मोठं चक्रीवादळ आलं, बंदरातली जहाजं बुडाली, हजारो माणसं गेली. लगेच पुढच्या वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदराला वादळाचे इशारे मिळण्याची सोय झाली. मग ओडिशाकडे १८६६ चा भयंकर दुष्काळ झाला. असे तडाखे बसल्यावर १८७५ मध्ये सरकारने देशभरासाठी हवामान खातं काढलं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांच्या हुद्द्याचं नाव आम्हाला फार आवडलं: हवामानाचा 'रिपोर्टर', म्हणजे चक्क बातमीदार.

त्या काळात आपला वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होता आणि त्यांचा डोळा होता कापसावर. १८७० मध्ये खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. कापसाचा भाव तारेने खामगावच्या बाजारात पोचायचा. ज्या बाईने तो कापूस वेचला, तिच्यापर्यंत भावही पोचत नव्हता आणि आभाळाची बातमी तर नाहीच.

गारांचा मार काही आजचा नाही. ३० एप्रिल १८८८ ला उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ गारा पडल्या, त्यात २४६ माणसं मेली. गारांनी एका वेळी इतकी माणसं मेल्याची दुसरी नोंद जगात नाही. आपल्या शेजारी, बांगलादेशात गोपालगंज इथे १४ एप्रिल १९८६ ला पडलेली गार एक किलोच्या वर भरली होती. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी खातं होतं, तार होती, तरी असं वादळ कुठे उठेल हे आधी ओळखायची युक्ती कोणाकडे नव्हती.

ती युक्ती सापडली आपल्यापासून फार दूर, नॉर्वे नावाच्या थंड देशात. आणि सापडली ती शेतकऱ्यांपायी, म्हणून ही गोष्ट आम्ही जरा सविस्तर सांगतो.

पहिलं महायुद्ध चालू होतं. नॉर्वे लढाईत नव्हता, पण समुद्रातून येणारं धान्य आटलं आणि देशाला आपलंच पीक वाचवणं भाग पडलं. त्यात लढणाऱ्या देशांनी आपल्याकडच्या हवामानाच्या तारा बंद केल्या, कारण शत्रूला त्यांचा उपयोग झाला असता. म्हणजे धान्याची टंचाई आणि आभाळाच्या बातमीचीही टंचाई. तिथे बर्गन नावाच्या गावी १९१७ मध्ये विल्हेल्म बियर्कनेस नावाचे शास्त्रज्ञ आले होते. ते म्हणाले, बाहेरून बातमी येत नाही ना, मग आपल्याच देशात जागोजाग पाहणारी माणसं बसवू. दीपस्तंभावरचे राखणदार, कोळी, शेतकरी, ज्याला कोणाला आभाळ बघता येतं आणि वारा कुठून आहे ते लिहिता येतं, अशी माणसं जोडली. १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या नोंदींवरून तिथल्या शेतकऱ्यांसाठी रोजचे अंदाज सुरू झाले.

बियर्कनेस यांचा मुलगा याकोब तेव्हा वीस वर्षांचा होता. या दाट नोंदी तो नकाशावर मांडत बसायचा. पूर्वी ठिपके विरळ होते तेव्हा जे दिसत नव्हतं ते आता दिसू लागलं. वादळी पाऊस कुठेही विखरून पडत नव्हता, तो रेघेत पडत होता. त्या रेघेच्या एका बाजूला थंड, जड हवा आणि दुसऱ्या बाजूला उबदार, ओली हवा. थंड हवा पुढे सरकली की रेघ पुढे सरकायची आणि वादळंही तिच्यासोबत चालायची. १९१९ मध्ये त्याने हे छापलं. तेव्हा वर्तमानपत्रांत युद्धाच्या आघाड्यांच्या बातम्या रोज असायच्या, म्हणून या रेघेलाही पुढे तेच नाव पडलं: आघाडी. थंड हवा चाल करून येते ती शीत आघाडी. रेघ आज इथे आहे आणि अमुक वेगाने सरकते आहे, म्हणजे उद्या दुपारी कुठे असेल हे सांगता येतं. जगभरच्या अंदाजांचा पाया यातून पक्का झाला.

आता थंड हवा आली तर वादळ का उठतं? थंडीच्या दिवसांत पहाटे स्वयंपाकघराचं दार उघडून पाहा. बाहेरचा गारवा आधी पायांना लागतो, तोंडाला नाही. थंड हवा जड, ती जमिनीसरशी आत घुसते. चुलीची ऊब आणि भाताच्या पातेल्याची वाफ मात्र वर आढ्याकडे जाते. आभाळातही तसंच होतं. जड हवा पाचरीसारखी खालून शिरते आणि उबदार, ओल्या हवेला वर उचलते. वर गेलेली वाफ गार होते, ढग होतो. ओलावा भरपूर असला आणि वरची हवा फार थंड असली, तर ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत उंच चढतो. त्याच्या पोटात वर जाणारा वारा इतका जोराचा असतो की पाण्याचे थेंब बर्फ होण्याइतके वर फेकले जातात. त्या कणावर आणखी पाणी गोठतं, थर चढत जातात. एखादी मोठी गार फोडून पाहा, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. वाऱ्याला तिचं वजन पेलेनासं झालं की ती खाली येते, आपल्या हरभऱ्यावर.

नॉर्वेत येते तशी शुद्ध आघाडी आपल्या वऱ्हाडात क्वचितच पोचते. आपल्याकडे दुसरं घडतं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानवरून वादळी वाऱ्यांच्या लाटा येतात. हवामानवाले त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. पंजाबच्या गव्हाला पाऊस आणि हिमालयाला बर्फ त्या देतात. एखादी लाट जोरदार असली की तिचं शेपूट मध्य भारतापर्यंत येतं आणि उंचावर थंड, कोरडी हवा आणतं. त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून ओला वारा पूर्वेकडून येत असला, आणि खाली आपली जमीन तापायला लागलेली असली, की विदर्भ-मराठवाड्यावर दोघांची गाठ पडते. वर थंड, खाली ऊन आणि ओल. रेघ नॉर्वेइतकी आखीव नसते, पण भांडण तेच. मे महिन्यात ऊन जास्त असूनही गारा कमी का आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त का, याचं उत्तरही यातच आहे. हिवाळा सरताना गोठणारी थंडी आभाळात खालपर्यंत उतरलेली असते. गार वितळायच्या आत जमिनीवर पोचते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत अशा लाटा एकामागून एक येत राहिल्या आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात रोज कुठे ना कुठे गारा पडत राहिल्या. तो शिमगा आपण विसरलेलो नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. वादळाआधी अंगावर एकदम गार वाऱ्याचा झोत येतो, धूळ उडते, माती भिजल्याचा वास येतो. आमच्याकडच्या आजी म्हणतात, "वावधन सुटलं वो, आवरा माय लवकर." तो झोत म्हणजे ढगातून खाली कोसळलेली थंड हवा. ती जमिनीवर पसरते आणि स्वतःच एक लहानशी आघाडी बनून पुढे चाल करते, वाटेतल्या गरम हवेला उचलून नवा ढग उभा करते. म्हणून वादळ एका गावावरून दुसऱ्या गावावर उड्या मारत गेल्यासारखं वाटतं. आजींचं आवरा म्हणणं बरोबर आहे. अडचण इतकीच की तोवर हाती फार थोडी मिनिटं उरलेली असतात.

आता पुण्याकडे येऊ. आपल्या हवामान खात्याचं मुख्य कार्यालय आधी कलकत्त्याला, मग शिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला आणलं. पुण्याच्या शिवाजीनगरात त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुढे दिल्लीला मुख्यालय गेलं, पण पुण्याचं काम थांबलं नाही. शेतीसाठी हवामानाचा वेगळा विभाग पुण्यातच १९३२ मध्ये सुरू झाला.

तिथेच १९४८ मध्ये अण्णा मणी नोकरीला आल्या. अण्णा हे नाव ऐकून पुरुष वाटेल, पण त्या केरळच्या बाई. जन्म १९१८ चा. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केलं, प्रबंध लिहून दिला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. आपल्या देशाला तापमापी, वायुभारमापी, पर्जन्यमापक अशी साधनं बाहेरून मागवावी लागत होती. अण्णा मणींनी जवळपास शंभर उपकरणांचे नकाशे पक्के करून ती इथेच तयार होण्याची सोय लावली. उपकरणाच्या नोंदीत चूक असण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, असा त्यांचा कटाक्ष असे. खात्यात उपमहासंचालक होऊन १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि २००१ मध्ये वारल्या. आम्ही बीए झालो, शाळेत विज्ञान होतं, पण हे नाव कुठल्याच पुस्तकात आमच्या वाचनात आलं नाही. आमच्या मुलींना तरी ते माहीत असावं.

आणि शेतकऱ्याला बातमी कधी मिळू लागली? रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रं सुरू झाली १९४५ मध्ये. जहाजांना इशारा १८६५ मध्ये, शेतकऱ्याला १९४५ मध्ये. मधे ऐंशी वर्षं. जहाजाचा मालक मोठा, त्याचं नुकसान मोजायला माणसं होती. शेतकऱ्याच्या घरात रेडिओ यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि आला तो ओसरीवर बसला, चुलीपाशी नाही.

आजची सोय पाहिली तर पूर्वीच्या मानाने पुष्कळ आहे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून विदर्भाचे इशारे निघतात. पाच दिवसांचा अंदाज असतो, आणि वादळ उठताना पुढच्या तीन तासांचा वेगळा इशारा. रंग ठरलेले आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं टाका आणि जीव सांभाळा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिकांचा सल्ला येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरवर वीज पडत असली तर ते सांगतं. निंदणीला गेलेल्या बाया पाऊस आला की लिंबाखाली जमतात, ती सवय मोडायला या ॲपचा आम्हाला उपयोग झाला. वीज चमकत असताना झाड नको आणि तारेचं कुंपणही नको. गोठा, शाळा, घर गाठायचं.

पण मर्यादाही ओळखून असावं. इशारा जिल्ह्याचा असतो आणि आपले तालुके तेरा. घाटावरचं हवामान वेगळं, घाटाखालचं वेगळं. गारा तर पट्ट्याने पडतात, ओढ्याच्या अलीकडे सडा आणि पलीकडे कोरडं. नागपूरचं रडार आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी मात्र वाकलेली, म्हणून इतक्या लांबवर त्याला ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत. त्यामुळे अमुक गावात अमुक वाजता गारा, असं कोणी छातीठोक सांगितलं, व्हॉट्सॲपवर तर असे पुष्कळ फिरतात, तर आम्ही जरा सावध होतो. खातं असं बोलत नाही. ते शक्यता सांगतं.

शक्यता हा शब्द गावात पचवायला जड जातो, हे आम्ही भोगलं आहे. काकूंच्या हरभऱ्यानंतर आमच्या ग्रामसंघात ठरलं की बातमी दिराच्या खिशात अडकू द्यायची नाही. प्रत्येक गटातून एक बाई नेमली, जिचा फोन तिचा स्वतःचा आहे. नारंगी इशारा दिसला की ती आपल्या गटातल्या दहा जणींना कळवणार. फोन नसलेल्या घरी पोरगं धाडायचं. गटाच्या पैशातून सहा मोठ्या ताडपत्र्या घेतल्या, त्या शाळेशेजारच्या खोलीत ठेवल्या, ज्याचं पीक पडलेलं त्याने न्यायच्या.

पहिल्याच मार्चमध्ये इशारा आला. बाया धावल्या, दुपारची मजुरी बुडवून चार घरचा हरभरा झाकला. आभाळ काळं झालं, गार झोत आला, दोन टिपूस पडले आणि सगळं निघून गेलं. गारा पडल्या चार कोसांवर. दुसऱ्या दिवशी पारावर आमची चांगलीच थट्टा झाली. ज्यांची मजुरी बुडाली त्या बायांचा राग तर खरा होता, आणि त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हतं. मग बैठकीत ठरलं की झाकायला येणाऱ्या बाईला ज्याचं पीक असेल त्याने अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची, गारा पडोत न पडोत. दोन घरांनी नाही म्हटलं. बाकीचे तयार झाले. वर्षभराने पुन्हा इशारा आला तेव्हा गारा पडल्या, आणि त्या दोन घरांपैकी एकाने पहिल्यांदा ताडपत्री मागितली.

नॉर्वेची गोष्ट वाचल्यावर आम्ही आणखी एक उद्योग सुरू केला. एक सरळ उभा पत्र्याचा डबा, तोंड आणि बूड सारख्या मापाचं, अंगणात उघड्यावर ठेवायचा. पाऊस पडला की सकाळी साडेआठला आत मोजपट्टी घालायची आणि किती मिलिमीटर पाणी आहे ते वहीत लिहायचं. वारा कुठून, गारा पडल्या का, केवढ्या, हेही लिहायचं. बोराएवढी, लिंबाएवढी असं लिहिलं तरी चालतं. सध्या सात गावांत सात वह्या आहेत. एक वही चौथी शिकलेल्या आजी ठेवतात, तिच्यात सगळ्यांत कमी खाडाखोड असते. पीक विम्याच्या वेळी गारा पडल्याच नाहीत असं सांगितलं जातं, तेव्हा तारीख-वेळ दाखवायला ही वही एकदा कामी आली. तिच्या जोरावर पंचनामा तरी झाला.

एक अडचण अजून सुटलेली नाही. ओढ्यापलीकडे जी वस्ती आहे तिथे फोनला रेंज नाही आणि तिथल्या बाया सकाळी सातलाच कामाला निघतात. इशारा बहुधा दुपारचा असतो. पोरगं धाडायचं तर शाळेत असतं. सध्या दूध घालायला सायकलवर जाणारे एक मामा निरोप नेतात, पण ते सकाळ-संध्याकाळच जातात. दुपारचं कसं करायचं, हे येत्या अमावास्येच्या बैठकीत ठरवायचं आहे. तुमच्या गावात अशी वस्ती असेल आणि तुम्ही काही वाट काढली असेल, तर आपल्या केंद्रावर फोन करून सांगा. आम्ही लिहून घेऊ.